झांकलेला डाग

वाचकहो, कोणत्याही पराक्रमाची हकीकत सांगण्यासाठीं मीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची व ती निस्तरणाऱ्या अदृश्य मजुरांची ही गोष्ट आहे.

आमच्या मळ्यांत विहिरीजवळच्या छपरांत डिझेलचें पिंप असे. तीन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत एके दिवशीं इंजिनासाठीं कॅन भरून घेतल्यावर पिंपाची तोटी नीट बंद करण्याचें मी विसरलों. सायंकाळीं पाहतों तों शेजारचा वाफा तेलानें काळवंडलेला! माझी बोबडीच वळली. मीं त्यावर चार घमेलीं कोरडी माती लोटली व कोणास कांहीं बोललों नाहीं. पिंपांतील तेल कमी झाल्याचें वडिलांच्या ध्यानांत आलें, तेव्हां संशय आमच्या वृद्ध गड्यावर गेला आणि त्यांच्या पगारांतून पैसे कापले गेले. ते एवढेंच म्हणाले, "मालक, माझ्या हातून झालं नाही." मी शेजारींच उभा होतों.

पावसाळा आला. बांधावर गवत माजलें. त्या वाफ्यांत मात्र एक काडीही उगवली नाहीं.

पुढें शाळेंत विज्ञानाच्या शिक्षकांनीं अलास्कांतील हकीकत सांगितली. २४ मार्च १९८९ रोजीं 'एक्झॉन वाल्डेझ' हें जहाज तेथील खडकावर आदळलें व सुमारें ४ कोटी लिटर खनिज तेल समुद्रांत सांडलें. तेल खाणारे जिवाणू त्या किनाऱ्यावर मुळांतच होते. परंतु नुसत्या तेलावर त्यांची वाढ होईना. म्हणून नत्र व स्फुरद असलेलें खत किनाऱ्यावर पसरण्यांत आलें, आणि तेलाचें कार्बन डायॉक्साइड व पाणी यांत रूपांतर करण्याचें त्यांचें काम अधिक वेगानें चालूं लागलें. मात्र दगडगोट्यांखालीं, जेथें हवा नीट पोंचली नाहीं, तेथें कांहीं ठिकाणीं तें तेल अनेक वर्षें तसेंच राहिलें.

हें शेवटचें वाक्य ऐकून मी चपापलों. मींही तेल झांकलेंच होतें!

त्या रात्रीं मीं वडिलांना सर्व सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "आधी काकांकडे जा. मातीचं मग बघू." कापलेले पैसे त्यांनीं माझ्याच हातून परत देवविले. काकांनीं ते मोजलेही नाहींत. "लेकरा, सांगितलंस ते बरं केलंस," असें म्हणून त्यांनीं कुदळ उचलली.

आम्हीं ती माती उकरून विहिरीपासून दूर, बांध घातलेल्या जागेंत पातळ पसरली. तींत शेणखत मिसळलें, ओल राखली व दर आठवड्यास ती खालवर केली. पहिले दोन महिने वास कांहीं हटेना. मी निराश झालों. काका मात्र फावडें थांबवीत ना. पुढील वर्षीच्या पावसाळ्यांत तेथें हरळीचे कोंब दिसले. भाजी लावण्याची घाई वडील अजूनही करीत नाहींत.

चिमूटभर मातींत कोट्यवधी जिवाणू असतात. थोडें खत, ओलावा व वारा एवढेंच त्या मजुरांचें मागणें. पण झांकलेल्या जागीं त्यांचाही इलाज चालत नाहीं. बालमित्रहो, माझी माती उघडी करावयास मला सहा महिने लागले. तुम्हीं इतका उशीर करूं नये.