गळालेले अनुस्वार

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. 'खंत' हवे तेथे 'खत' दिसले, तेव्हा टंकनातली चूक समजून मी ते दुरुस्त केले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर पुन्हा 'खत'. खाली 'चिंता'ची 'चिता' झालेली आणि 'मंद'चे 'मद'.

आमच्या सरांनी जुन्या गद्यातून वेचलेल्या शब्दांची कार्डे मी एक्सेलमध्ये उतरवत होते. एका स्तंभात मुळातले लेखन, शेजारी आजचे. १९६२च्या नियमांनी 'नांव', 'पांच', 'कांहीं' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. शेजारच्या स्तंभात ते आपोआप गाळले जावेत म्हणून एका विद्यार्थ्याकडून मीच मॅक्रो लिहून घेतला होता. युनिकोडमध्ये अनुस्वाराचा क्रमांक २३०६. तो दिसेल तेथे काढावा, एवढीच आज्ञा. आणि फाइल उघडताच ती सबंध तक्त्यावर चाले. कोणता अनुस्वार उच्चारला जातो, हे त्या बिचाऱ्याला ऐकू कसे यावे? 'सरांनी'चे त्याने 'सरानी' केले होते. (आदरार्थी बहुवचन केवढ्याशा टिंबावर उभे असते!) दोन्ही स्तंभ आता सारखेच दिसत होते.

'कुंभ'चे 'कुभ' झाले तर डोळ्यांना खुपते. 'वंश'चे 'वश' झालेले मात्र कोणाच्याही लक्षात येत नाही. मला धास्ती होती ती अशा शब्दांची.

मॅक्रो काढणे तसे किरकोळ काम. शिफ्टची कळ दाबून धरत फाइल उघडली की उघडतानाची आज्ञा चालत नाही. ऑल्ट आणि एफ ११ दाबून आत गेले, ओळी खोडल्या. तरी त्या जुन्या एक्सेलला रिकामे मॉड्यूलही मॅक्रोच वाटे; दर वेळी इशारा येतच राहिला. अखेर मॉड्यूलच काढले. काढण्यापूर्वी प्रत ठेवायची का, असे त्याने अदबीने विचारले. मी 'नाही' म्हटले.

पण गेलेले अनुस्वार? मॅक्रोने केलेला बदल 'अनडू'ने उलटत नाही. शिवाय मी रोज निमूटपणे फाइल जतन करत आले होते. मग कार्डे न पाहता, अंदाजानेच टिंबे देत सुटले. दोन दिवसांनी धीर सुटला आणि सरांना सारे सांगितले.

"अगं, कार्डे आहेत ना?" एवढेच ते म्हणाले. मग ते एकेक कार्ड मोठ्याने वाचत आणि मी लिहीत असे. 'नांव' आले की थांबून म्हणत, "टिंब आहे, पण ऐकू येणार नाही."

तिसऱ्या दुपारी त्यांनी 'खत' वाचले. मी म्हटले, "खंत ना, सर?"

त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरले. कर्जखतातले खत होते ते. तक्त्यात त्यावर टिंब दिले होते ते मीच.