कडी आतून होती!

बंद खोलीतला गुन्हा हा रहस्यकथेतला सगळ्यात उर्मट प्रकार. इतर कथा विचारतात, कुणी केलं? ही विचारते, झालंच कसं? एडगर ॲलन पोने १८४१मध्ये हा डाव मांडला. तो खरा रंगवला गास्ताँ लरू या फ्रेंच पत्रकाराने, १९०७ साली क्रमशः छापून आलेल्या ‘द मिस्टरी ऑफ द यलो रूम’मध्ये.

रहस्यकथा हा माझ्या अभ्यासाचा विषय. भोर-वेल्ह्याच्या वाचकांपुढे बोलायचं असलं की मी हीच कादंबरी घेतो. पेच सांगतो आणि गप्प बसतो. माटिल्ड ही प्राध्यापक स्टँगरसनांची मुलगी रात्री खोलीत जाऊन दार आतून लावून घेते. खिडकीला गज. शेजारच्या प्रयोगशाळेत वडील आणि म्हातारा नोकर जागे आहेत. अचानक किंकाळी आणि पिस्तुलाचे बार. दार फोडतात, तर मुलगी जखमी पडलेली, भिंतीवर रक्ताळलेल्या पंजाचा ठसा आणि हल्लेखोराचा पत्ता नाही.

वेल्ह्याकडचं पहिलं मत ठरलेलं: “चोरवाट असणार!” त्यांचं चुकत नाही. त्यांच्याच राजगडावर गुंजवण्याकडून चढणारा माणूस चोरदरवाजातूनच पद्मावती माचीवर पोचतो. पण इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम सांगितले, त्यांत एकाहून जास्त चोरवाट चालत नाही. लरूच्या खोलीत तर एकही नाही.

सगळ्यात मोलाचं मत मला भोरच्या एका सुतारमामांनी दिलं. “सर, दार आत उघडतं का भाईर? बिजागऱ्या कुठल्या अंगाला? आन् कडी का अडसर?” बिजागरी बाहेरून असेल तर दार उतरवता येतं, कडी दोऱ्याने ओढता येते, हे त्यांनी बोटांनी करून दाखवलं. वाड्याच्या अडसराला मात्र त्यांनी हात जोडले. भिंतीतल्या खोबणीतून ओढायचं ते जाड लाकूड. दोऱ्याबिऱ्याला दाद देत नाही. मामांनी जॉन डिक्सन कारची ‘द हॉलो मॅन’ (१९३५) वाचलेली नव्हती. तिच्या सतराव्या प्रकरणात कारचे गुप्तहेर डॉ. फेल बंद खोलीच्या युक्त्यांवर व्याख्यान देतात, त्यात बिजागऱ्या आणि दोरा दोन्ही आहेत. त्याच व्याख्यानात फेल ‘यलो रूम’ला आजवरची सर्वोत्तम डिटेक्टिव्ह कथा ठरवतात. १९८१मध्ये रहस्यकथाकार एडवर्ड होक यांनी बंद खोलीच्या सर्वोत्तम कादंबऱ्यांवर सतरा लेखक-समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा ‘हॉलो मॅन’ पहिली आली, ‘यलो रूम’ तिसरी.

कॉलेजातल्या एका मुलीने दाराचा विषयच बाजूला सारला. “दार बंद होतं, किंकाळी आली, हे सांगतंय कोण? आधी त्या माणसांची यादी करू या.” मला वाटतं, या प्रकाराची किल्ली तिच्याच हातात होती. बंद खोलीची कथा दारावर उभी राहत नाही, जबानीवर उभी राहते. लेखक खोटं बोलत नाही. साक्षीदारही बहुधा बोलत नाहीत. खऱ्या वाक्यांची चुकीची बेरीज वाचक स्वतःच करतो.

‘यलो रूम’चं उत्तर कळल्यावर मात्र दोन तट पडतात. कुणी म्हणतं, “हात्तिच्या, एवढंच होय?” एका निवृत्त गुरुजींचा आक्षेप वेगळा: उत्तरार्धात योगायोग आणि जुनी गुपितं फार. गुरुजींचं मला पटतं. गुन्हेगाराच्या पूर्वायुष्याचा पसारा आज जड वाटतो. पण “एवढंच होय?” ही तक्रार मी दाद म्हणूनच घेतो. वाचकाच्या डोळ्यांसमोर असलेलंच उत्तर निघालं, तरच तो असं म्हणतो.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी आणि गुरुनाथ नाईकांनी प्रत्येकी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. ‘धनंजय’ने तर दिवाळी अंकच रहस्यकथेला वाहिला. तरी मराठीचा ओढा पाठलागाकडे आणि नायकाच्या पराक्रमाकडे राहिला; बंद खोलीचं निखळ कोडं कमीच. साहित्य तर आपल्या दारात आहे: भोरचा वाडा, माजघर, अडसर घातलेली खोली, बाहेर कोसळता पाऊस. नव्या लेखकांनी हे मनावर घ्यावं. लिहिताना आधी प्रत्येक साक्षीदार नेमका कुठे उभा होता ते ठरवा, कुलपाचं मग बघू. आणि वाचकहो, ‘यलो रूम’ वाचलीत तर शेवट कुणाला सांगू नका.