कुळाचा शोध

मराठीत ‘कूळ’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. कुलवृत्तांतातील कूळ म्हणजे वंश. कूळकायद्यातील कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. पहिल्या अर्थाला अभिमानाचा आधार आहे, दुसऱ्यावर परावलंबनाची खूण आहे. या दोन अर्थांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न मराठी वाचकाला सहसा पडत नाही. आयर्लंडमधून देशांतर केलेल्या माणसांचे वंशज जेव्हा आपल्या पूर्वजांचा माग काढू लागतात, तेव्हा मात्र हे दोन्ही अर्थ एकाच पानावर येऊन भेटतात. तेथील सामान्य माणसाचा वंश शोधायचा, तर तो बहुधा कुळांच्या यादीतच सापडतो.

या देशांतराच्या मुळाशी भूक होती. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढे काही वर्षे तो हटला नाही. ज्यांच्याजवळ जमिनीचा लहानसा तुकडा होता, त्यांचे सारे अन्न बटाट्यावर अवलंबून होते. त्याच काळात धान्य मात्र देशाबाहेर जात राहिले. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती, ती १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. अंदाजे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. खंड थकला म्हणून घराबाहेर काढलेली कुटुंबे लिव्हरपूल, क्वेबेक, बॉस्टन, न्यूयॉर्क अशा बंदरांवर उतरली. त्यांच्यापैकी अनेकांना लिहिता येत नव्हते. कित्येकांची भाषा आयरिश होती आणि नावे लिहून घेणारा कारकून इंग्रजी जाणणारा होता. त्यामुळे एकाच माणसाचे आडनाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी आढळावे, यात नवल नाही.

अशा माणसाचा पणतू किंवा खापरपणतू मागे वळून पाहू लागतो, तेव्हा त्याच्या वाट्याला प्रथम राख येते. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयीन वास्तूचा करारविरोधी सैनिकांनी ताबा घेतला होता. राष्ट्रीय दप्तरखाना याच आवारात होता. ३० जून १९२२ रोजी तेथे प्रचंड स्फोट झाला, आग लागली आणि शतकानुशतकांचे कागद भस्मसात झाले. जळके कपटे शहराच्या रस्त्यांवर पडत होते. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार शिरगणत्यांचे बहुतेक तक्ते त्यांत होते. तथापि साराच दोष आगीच्या माथी मारता येत नाही. १८६१ आणि १८७१ चे तक्ते काम उरकताच शासनाच्या हुकमाने नष्ट करण्यात आले होते, आणि १८८१ व १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले होते. माणसे मोजून झाली, बेरीज हाती आली. त्यानंतर नावांची गरज कोणालाच उरली नव्हती. १९०१ आणि १९११ या दोन शिरगणत्या तेवढ्या संपूर्ण टिकल्या. दुष्काळात देश सोडलेला माणूस अर्थातच त्यांत नाही.

मग उरते काय? कॅथलिक धर्मग्रामांच्या बाप्तिस्म्याच्या आणि विवाहांच्या वह्या उरतात. त्या गावोगावच्या चर्चमध्येच असल्याने आगीतून वाचल्या, आणि २०१५ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे सर्वांना खुली केली आहेत. परंतु पश्चिमेकडे, जेथे दुष्काळाचा घाव सर्वांत खोल होता, तेथील अनेक वह्या फार उशिरा सुरू होतात. याखेरीज जे उरते, ते देणेकऱ्यांचे दप्तर आहे. १८२३ ते १८३७ या काळातील धर्मपट्टीच्या वह्यांत शेतकऱ्याचे नाव येते, ते तो ज्या पंथाचा नव्हता त्या अँग्लिकन चर्चला त्याने किती रक्कम द्यावी, हे ठरविण्यासाठी. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेली आणि १८४७ ते १८६४ या वर्षांत प्रसिद्ध झालेली स्थावर मालमत्तेची मोजणी हा तर आयरिश वंशशोधकांचा मुख्य आधार. तिच्यात जमीन कसणाऱ्याचे नाव, ती खंडाने देणाऱ्याचे नाव, क्षेत्रफळ आणि मूल्य एवढेच नोंदलेले असते. कसणाऱ्याची बायको त्यात नाही, मुले नाहीत, त्याच्या पडवीत निजणारा शेतमजूरही नाही. ज्याच्याकडून काही वसूल व्हायचे होते, त्याचेच नाव लिहून ठेवले गेले. इतिहासाने गरिबाची आठवण ठेवली ती अशी.

याच दप्तराने कधीकधी अनपेक्षित उपकारही केले आहेत. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना वृद्धवेतन मिळू लागले. जन्मनोंदणी सर्वांसाठी सुरू झाली ती १८६४ मध्ये. त्यामुळे या वृद्धांजवळ वयाचा पुरावा नव्हता. तेव्हा अधिकारी १८४१ आणि १८५१ चे तक्ते उघडून अर्जदाराचे बालपणीचे घर शोधीत आणि उतारा करून ठेवीत. मूळ तक्ते पुढे जळाले, हे उतारे राहिले. एखाद्या म्हातारीला वेतन द्यावे की नाही एवढ्याच प्रश्नासाठी चाळलेल्या पानावर तिचे आईबाप आणि भावंडे आज वंशजांना भेटतात. २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या नेतृत्वाखाली अशा विखुरलेल्या प्रतींतून जळालेला दप्तरखाना पुन्हा उभारण्याचा प्रकल्प लोकांसमोर आला.

समुद्राच्या दुसऱ्या तीरावर अडचण निराळीच आहे. अमेरिकन कागदपत्रांत जन्मस्थान म्हणून बहुधा ‘आयर्लंड’ एवढाच शब्द आढळतो. आयर्लंडमध्ये मात्र साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. टाउनलँड म्हणजे गाव नव्हे. नाव असलेला जमिनीचा सर्वांत लहान विभाग, आपल्याकडील शिवारासारखा. या शिवाराचे नाव कळल्यावाचून शोध पुढे सरकत नाही. शिवाय पहिल्या मुलाला आजोबांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची चाल असल्याने एकाच शिवारात पॅट्रिक मर्फी नावाचे चार जण सहज निघतात.

ते नाव सापडते ते पुन्हा गरजेच्याच कागदांत. न्यूयॉर्कमध्ये आयरिश स्थलांतरितांसाठी १८५० साली स्थापन झालेल्या बचत बँकेने खातेदारांची ओळख पटावी म्हणून त्यांच्या जन्मगावाची, आईबापांची आणि त्यांना घेऊन आलेल्या जहाजाचीही नोंद ठेवली. सही न करता येणाऱ्या माणसाला त्याच्या घराची हकिकत विचारूनच ओळखावे लागे. बॉस्टनच्या ‘पायलट’ या पत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत राहिल्या. भाऊ बहिणीला शोधतो, बायको रेल्वेच्या कामावर गेलेल्या नवऱ्याला. आणि ओळख पटावी म्हणून शिवार, धर्मग्राम, परगणा असा सारा पत्ता दिलेला असतो. वंशज ज्या शोधाला आज निघाले आहेत, तो पूर्वजांनी स्वतःच आरंभिला होता. त्यांतील कित्येकांना उत्तर आलेच नसेल.

नावांच्या या गर्दीत एक मोह दबा धरून बसलेला असतो. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील स्थलांतरितांचे नवे केंद्र उघडले आणि कॉर्कहून दोन धाकट्या भावांना घेऊन आलेली ॲनी मूर ही तेथे नोंदली गेलेली पहिली व्यक्ती ठरली. तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे देण्यात आले. ही मुलगी पुढे पश्चिमेकडे टेक्सासला गेली आणि तेथे तिचा संसार झाला, अशी कथा पुढे रूढ झाली. त्या टेक्सासवासी स्त्रीच्या वंशजांना समारंभांना सन्मानाने बोलावले जाई. वंशशोधिका मेगन स्मोलेन्याक यांनी कागद तपासले, तेव्हा ती स्त्री अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात जन्मल्याचे निघाले. २००६ मध्ये त्यांनी खऱ्या ॲनीच्या शोधासाठी एक हजार डॉलरचे पारितोषिक जाहीर केले आणि थोड्याच आठवड्यांत ती सापडली. ती न्यूयॉर्क सोडून कोठेच गेली नव्हती. शहराच्या लोअर ईस्ट साइडमधील दाटीवाटीच्या वस्तीत तिचा जन्म सरला. तिची अनेक मुले लहानपणीच दगावली. १९२४ साली ती वारली आणि क्वीन्समधील दफनभूमीत तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो दगड २००८ मध्ये बसविला गेला.

टेक्सासची कथा खोटेपणाने रचलेली नव्हती. ती सोयीची होती. देशांतर केलेल्या माणसाने पुढेपुढे जावे, त्याचे भाग्य मोकळ्या माळावर उजळावे, ही अपेक्षा वंशजांच्या मनात आधीच तयार होती, आणि त्या साच्यात बसणारी ॲनी हाती येताच शोध थांबला. पूर्वज शोधणे आणि पूर्वज निवडणे यांतील भेद येथे दिसतो. निवडलेला पूर्वज वंशजाला मोठे करतो. शोधून सापडलेला पूर्वज त्याच्याकडे काही मागतो. आपण जसे होतो तसे ओळखावे, एवढेच त्याचे मागणे असते. एका भागात राहून मुले पुरणाऱ्या स्त्रीला हे मिळायला चौऱ्याऐंशी वर्षे जावी लागली.

म्हणूनच या शोधाचे मोल राजवंशाशी नाते लावण्यात नाही. ग्रिफिथच्या मोजणीनंतरही त्या वह्या वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहिल्या. जमीन कसणारा बदलला की जुने नाव खोडून वर नवे लिहीत, आणि कोणत्या फेरीत बदल झाला हे कळावे म्हणून प्रत्येक दुरुस्तीची शाई निराळ्या रंगाची असे. कोणी तरी दूरदेशीचा वंशज ती वही उघडतो, शिवाराचे नाव जुळते, आडनाव जुळते, आणि त्याच्या कुळावर निळ्या किंवा तांबड्या शाईची एक रेघ ओढलेली दिसते. कारकुनाच्या लेखी ती फेरफाराची नोंद होती. ते घर कोणत्या वर्षी रिकामे झाले, हे वंशजाला सांगणारी खूण मात्र तेवढीच असते.