स्वतःचा फॉर्म

आशाताईंच्या प्रशिक्षणाला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा 70 स्लाइड घेऊन गेलो होतो. साताऱ्याकडचं तालुक्याचं गाव. अकरा वाजता वीज गेली. उरली बीपीची दोन यंत्रं, मोजपट्ट्या आणि ‘सीबॅक’चे कोरे फॉर्म.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म आशाताईंनी घरोघर जाऊन भरायचा. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल, घरातले आजार यांना गुण द्यायचे. बेरीज 4 च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. रोजच्या तंबाखूला 2 गुण.

“मशेरी तंबाखूत धरायची का, सर?” मागून प्रश्न आला.

“धरायची.”

हशा पिकला आणि लगेच विरला. बऱ्याच जणींनी सकाळीच लावलेली होती.

मग एकमेकींचं बीपी मोजायला सांगितलं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकायची, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. “पाच मिनिटं नुसतं बसायचं?” एकीला त्याचंच अप्रूप वाटलं.

सगळ्यात अनुभवी ताईंचं बीपी आलं 172/104. यंत्र बिघडलं असेल, असं त्याच म्हणाल्या. दुसरं यंत्र लावलं, 168/102. वाडीतल्या जवळजवळ सगळ्यांचे फॉर्म त्यांनी भरले होते. स्वतःचा राहिला होता.

“मला काही होत नाही, सर. डोकंसुद्धा दुखत नाही.”

“लोक हेच सांगतात तेव्हा तू काय म्हणतेस गं?” शेजारणीनं विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत.

मीही गप्प होतो. बरं वाटतंय म्हणून माझ्या वडिलांनी गोळ्या बंद केल्या होत्या, ते आम्हाला अर्धांगवायू झाल्यावर कळलं. घरात डॉक्टर होता.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. तिथे निरक्षर बायकाही गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. मूल हगवणीतून वाचलं, की त्यांच्या कामाचं फळ गावाला डोळ्यांनी दिसायचं. बीपीची गोळी नेमानं घेतली, तर दिसण्यासारखं काहीच घडत नाही. काही न घडणं हेच तिचं यश. ते लोकांना कसं पटवायचं, हे माझ्या स्लाइडमध्ये नव्हतं.

तीन महिन्यांनी उजळणीला त्या ताई भेटल्या. बीपी 138/86. पिशवीतून वही काढली. पहिल्या पानावर त्यांचंच नाव, तारखा आणि आकडे. घरोघर आधी हे पान दाखवतात म्हणे. “लाज वाटली होती पहिल्यांदा. पण मग लोक हात पुढे करायला लागले.”

शेवटचं पान मात्र त्यांनी मला दाखवायला ठेवलं होतं. मधे केंद्रावर तीन आठवडे गोळ्याच नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या विकत आणल्या. ज्यांना ते जमलं नाही, अशा 11 जणांची नावं त्या पानावर होती.

“मी सांगितलं म्हणून यांनी गोळी सुरू केली, सर. आता यांच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?”

मी खुर्ची ओढून बसलो आणि ती 11 नावं उतरवून घेतली.