सर्वांना सारखा वेळ



गेल्या वेळी कुणीतरी घरच्या वायफायबद्दल विचारलं होतं, त्यावरून हे आठवलं. थोडं तांत्रिक आहे, सांभाळून घ्या. :-)

२०२३ च्या डिसेंबरात आई आमच्याकडे रेडिंगला आली होती. आमचं घर जुनं, जाड विटांच्या भिंतींचं. राउटर पुढच्या खोलीत, माझ्या टेबलाशी. आईला दिली मागची खोली, मध्ये तीन भिंती. दुपारी दीड वाजता, म्हणजे मिरजेत संध्याकाळी सात वाजता, ती जुन्या टॅबवरून आजीशी बोलायची. आजी नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती.

नेमक्या त्याच वेळेला माझी रोजची मीटिंग, आणि माझा आवाज रोज तुटायचा. मॅनेजर दोनदा बोलला. मग एका शनिवारी बसलो आणि राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं. चिप अथेरॉसची, ड्रायव्हर एटीएच९के. या ड्रायव्हरमध्ये २०१७ साली, लिनक्स ४.११ पासून, एअरटाइम फेअरनेस आला.

म्हणजे काय ते सांगतो. वायफायची हवा एकच, एका वेळी एकानेच बोलायचं. जुना नियम असा, की प्रत्येकाला पाळीपाळीने एकेक पॅकेट. दिसायला न्याय्य. पण १५०० बाइटचं पॅकेट ५४ एमबीपीएसने पाठवायला ०.२२ मिलिसेकंद लागतात आणि ६ ने पाठवायला २ मिलिसेकंद. लांबचं उपकरण हळू बोलतं, त्यामुळे एक पॅकेट पाठवताना ते नऊपट हवा खातं आणि सगळेच त्याच्या वेगाला येतात. २००३ मध्येच फ्रान्समधल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं.

नव्या पद्धतीत पॅकेटं मोजत नाहीत, वेळ मोजतात. प्रत्येक उपकरणाचं एक खातं. पाळी आली की ठरावीक वेळ जमा, हवा वापरली की तेवढी वजा. खातं उणे गेलं की रांगेत मागे. मूळ कल्पना श्रीधर आणि जॉर्ज व्हर्गीस यांची, १९९५ सालची, तारांच्या नेटवर्कसाठी. व्हर्गीस आपल्या आयआयटी मुंबईचे. वायफायमध्ये हे आणण्याच्या कामात डेव्ह टाट होते; ते २०२५ मध्ये गेले. चांगला माणूस होता, राउटर सुधारावेत म्हणून वर्षानुवर्षं भांडला.

असो. सोमवारची मीटिंग झकास झाली. मी खूश!

चार दिवसांनी जेवताना आई सहज म्हणाली, "तिकडचं नेट हल्ली फारच खराब झालंय. आई काय म्हणते ते निम्मं कळतच नाही. मी आपली हो हो करते." बायकोने माझ्याकडे बघितलं. मिरजेच्या नेटला काही झालं नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं.

रात्री कागदावर हिशेब मांडला. चार उपकरणं एकदम कामात असली, तीन जवळची आणि एक आईचा टॅब, तर जुन्या नियमाने प्रत्येकाला साडेचार एमबीपीएस. नव्या नियमाने आम्हा तिघांना साडेतेरा, तिला दीड. हे कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात सगळेच बरेच कमी. वर तिच्या टॅबकडून येणाऱ्या पॅकेटांचा वेळही तिच्याच खात्यातून वजा होतो. म्हणजे ती जितकं बोलणार, तितकी तिची ऐकायची पाळी मागे जाणार. माझी मीटिंग कुणाच्या वेळातून सुधारली ते समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं, कबूलच केलं म्हणा. तिला समजावं म्हणून वाड्यातल्या नळाचं उदाहरण घेतलं: पूर्वी प्रत्येकीला एक घागर मिळायची, आता प्रत्येकीला पाच मिनिटं. तुझ्या घागरीचं तोंड अरुंद, म्हणून पाच मिनिटांत भरत नाही. ती म्हणाली, "बरोबरच आहे की. माझ्या एकटीसाठी सगळ्यांनी का ताटकळायचं? पण अरे, मग मला मोठ्या तोंडाची घागर दे ना!"

मी ड्रायव्हरमध्ये उत्तर शोधत होतो. एकेका उपकरणाचं वजन बदलता येतं. मूळ २५६ असतं, तिचं १०२४ केलं. थोडा फरक पडला. पण तो पुन्हा दुसऱ्यांच्या वेळातून. खरा उपाय आईने सांगितला तोच. शनिवारी भिंतीकडेने केबल नेली आणि तिच्या खोलीत वेगळ्या चॅनेलवर एक ॲक्सेस पॉइंट लावला. ड्रायव्हरला हातही लावावा लागला नाही.

त्या दुपारी मी मागच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. आजी भाजणीचं प्रमाण सांगत होती. आई लिहून घेत होती आणि मध्येच म्हणाली, "आई, परवा तू काय म्हणत होतीस गं? मला नीट ऐकू आलं नव्हतं."

आजीला आता ते आठवत नव्हतं.

वेळ सारखा वाटणं चांगलंच, आजही माझ्या राउटरवर ते चालू आहे. पण नियम बदलला की घरात सगळ्यात लांब कोण बसलंय ते आधी बघतो. ते माणूस तक्रार करत नाही. दोष आपल्याच गावच्या नेटला देतं.