सहावी लंडनला

अथेन्सला एकच दिवस मिळाला, तरी मी ॲक्रॉपोलिस म्युझियम सोडणार नाही. इथे पाच कॅरिॲटिड, म्हणजे खांब म्हणून कोरलेल्या स्त्रीमूर्ती, उभ्या आहेत. सहावी ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने नेली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये. तिची जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय. मागून बघावं: पाठीवर जाडजूड वेण्या, एकीसारखी दुसरीची नाही. वरच्या मजल्यावर पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पपट्टीतला मधाच्या रंगाचा मूळ संगमरवर आणि मध्येमध्ये, लंडनला गेलेल्या तुकड्यांच्या पांढऱ्याफटक प्लास्टर प्रतिकृती. ग्रीस-ब्रिटनचं भांडण असं भिंतीवरच मांडलेलं मला आवडलं, थोडं नाटकी असलं तरी. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मात्र अँटिकिथेरा यंत्रापुढेच रेंगाळले. समुद्रातून निघालेली, हिरवी पडलेली काशाची दातेरी चाकं. म्हणे ग्रहणांचा हिशेब करायची! बाकी रंगीत मातीची भांडी पाय दुखेपर्यंत पुरतात.