टेम्पोखालचा कीट

ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथमहाराजांची पालखी पैठणहून निघते. त्याआधीच्या पंधरवड्यात तुमच्या दिंडीत काय गडबड असते ते मी सांगायला नको. वर्गणी, शिधा, राहुट्यांचे दोर, टाळांच्या दोऱ्या, पाण्याच्या टँकरची बोली. या सगळ्यांत टेम्पोकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी. ड्रायव्हर म्हणतो, ऑइल थोडे टपकते, जुनी गाडी आहे, चालायचेच. मग ऑइलचा एक जादा डबा सामानात पडतो आणि विषय संपतो. मला तुमच्याशी त्या ‘थोडे’ टपकण्याबद्दलच बोलायचे आहे.

आमची दिंडी शहागंजातली. घड्याळाच्या मनोऱ्यापासून हातगाड्यांमधून वाट काढत आत गेले की एका बोळात मिस्त्री चाचांचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि जमिनीत खणलेला छातीइतका खड्डा. टेम्पो त्या खड्ड्यावर घेतला. चाचा बॅटरी घेऊन खाली उतरले आणि लगेच वर आले. म्हणाले, “महाराज, अब्बी कुछ नै दिखता. पहले धोने दो.”

मी वाकून पाहिले. इंजिनाच्या तळापासून मागच्या चाकांपर्यंत सगळे एकसारखे काळे होते. ऑइलवर धूळ, धुळीवर पुन्हा ऑइल, काही ठिकाणी बोटभर जाड कीट. सगळेच ओले असले की गळते कुठे ते कसे कळणार? त्यातून तेल गळते एका जागी आणि दिसते दुसऱ्या जागी. ते उताराने खाली ओघळते, गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून जिथून थेंब पडतो तिथला बोल्ट आवळणे बहुधा फुकट जाते. जास्त आवळला तर पॅकिंग दबून गळती वाढते ती वेगळीच.

इंजिन थंड झाल्यावर काम सुरू झाले. आधी पत्रीने जाड थर खरवडले. मग ब्रशने डिझेल लावून थोडा वेळ मुरू दिले, आणि शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन हवा मारली. डायनामोवर आधीच प्लास्टिक बांधले होते. ब्रेकच्या रबरी नळ्यांना चाचांनी डिझेल लागू दिले नाही, त्याने रबर फुगते म्हणे. तुमच्याकडे खड्डा नसेल तर एवढे मात्र ऐका: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नका. चाकांना अडण लावा, खाली भक्कम घोडी द्या, मगच आत शिरा.

धुताना मला देवगिरीवरची गोष्ट आठवत होती. इथून देवगिरी पंधरा किलोमीटरवर. नाथमहाराज तिथे जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहत असताना एका पैचा मेळ लागेना, म्हणून रात्रभर बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा तुम्ही कीर्तनात कितीदा तरी ऐकली असेल. कीर्तनकार टाळीवर रंगतात. मला त्या टाळीआधीची रात्र मोठी वाटते. एक पै पदरची घातली असती तर वही तेव्हाच जुळली असती. टेम्पोतला तो ऑइलचा जादा डबा म्हणजे अशी पदरची पै आहे. हिशेब जुळतो, चूक जिथल्या तिथे राहते. नाथांनी पै घातली नाही, नोंदी पहिल्यापासून उलगडल्या. आपण एकादशी, नेम, पारायण यांची भर घालत राहतो, पण राग किंवा लोभ नेमका कुठून पाझरतो हे पाहायला आत किती वेळा उतरतो, हे ज्याचे त्याने पाहावे. मी तर त्या दिवशी टेम्पोच्या खाली होतो.

धुऊन कोरडे झाल्यावर चाचांनी संशयाच्या जागांवर खडूची भुकटी भुरभुरली. इंजिन वीस मिनिटे चालू ठेवले, गाडी जालना रस्त्यापर्यंत फिरवून आणली आणि पुन्हा खड्ड्यावर घेतली. पांढऱ्या भुकटीवर ओली रेघ लगेच दिसते. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओल शोधायची. ती निघाली टॅपेट कव्हरच्या पॅकिंगजवळ. काम किरकोळ होते.

पण मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूलाही एक रेघ होती. चाचांनी पांढरे फडके टेकवून पाहिले. इंजिनाचे ऑइल काळे असते, गिअरच्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. हे पातळ, फिकट पिवळसर होते आणि तिथला रंग पोपडे धरून सुटला होता. ते ब्रेक ऑइल होते, चाकातला सिलिंडर पाझरत होता. वरच्या काळ्या किटाखाली तो किती दिवस झाकलेला होता कोण जाणे. चाचा गंमत करणारे माणूस, पण तेव्हा काही बोलले नाहीत. नवा सिलिंडर बसवला, नळीतली हवा काढली आणि दुसऱ्या बाजूचा ड्रमही उघडून पाहिला.

माउली, दिंडीचा टेम्पो रिकाम्या रस्त्यावर चालत नाही. त्याच्या पुढे म्हाताऱ्या आया डोक्यावर तुळस घेऊन चालत असतात. 2019 च्या नोव्हेंबरात दिवे घाटात जेसीबीचे ब्रेक निकामी होऊन तो संत नामदेवमहाराजांच्या दिंडीत घुसला. त्यात नामदेवरायांचे वंशज ह.भ.प. सोपानमहाराज नामदास यांच्यासह दोघे गेले. त्या यंत्राचे काय बिघडले होते याचा निवाडा मी करणार नाही. पण दिंडीत पुढे चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाही, एवढे आपण सगळेच जाणतो.

आणखी एक. खरवडलेला कीट आणि काळे डिझेल चाचा नालीत सोडत नाहीत. भुसा टाकून टिपतात, डब्यात भरतात, जुने ऑइल घेणाऱ्याला देतात. आपल्या शहराची नाली खामला जाते आणि खाम पुढे गोदावरीला मिळते. पैठणला आपण गोदामाईत स्नान करतो, आणि त्याच हातांनी नाथांच्या पादुकांना स्पर्श करतो.

वारीत आता आमच्याकडे रोजचा नेम असा: मुक्कामी टेम्पो उभा राहिला की इंजिनाखाली आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला जुने वर्तमानपत्र पसरायचे, वर दगड ठेवायचे. पहाटे काकड्याला जो आधी उठेल त्याने बॅटरी लावून ते पाहायचे आणि विणेकऱ्याच्या कानावर घालायचे. डाग असेल तर टेम्पो हलण्याआधी ड्रायव्हरला उठवायचे, मग तो कितीही कुरकुरो.